तो डिंक नव्हता

श्रावणात सलग आठ-दहा दिवस पाऊस झाला आणि मध्येच एखादी उघडीप मिळाली, की मेलेली लाकडं फुलतात. कुंपणाची कुजकी मेढ, विहिरीपाशी टाकून दिलेला ओंडका, गोठ्याचा मोडका वासा. कालपर्यंत ज्यांच्याकडे नुसतं सरपण म्हणून पाहिलं जायचं, त्यांच्या अंगावर ओले, थुलथुलीत, चकाकणारे उंचवटे येतात. काही तपकिरी, कानाच्या पाळीसारखे, बाहेरून मखमली. काही पांढरे, भिजलेली मलमल चुरगळून ठेवावी तसे. काही केशरी, थेंबाएवढे, एकमेकांना बिलगून. अळंबी म्हटली की लोकांना छत्री आठवते. यांना छत्री नाही आणि दांडाही नाही, म्हणून यांना कुणी अळंबीत धरत नाही. पायाखाली आले तर माणसं पाय पुसतात आणि पुढे जातात.

आज सकाळी परसातल्या मेढीवर केशरी थेंब दिसले. मी पाट घेऊन समोर बसले. शेजारणीने कुंपणावरून विचारलं, काय पाहताय? मी म्हटलं, लाकूड. नवरा गेलेली बाई लाकूड पाहत बसली, तर तिला हसावं की तिची कीव करावी, हे इथल्या लोकांचं अजून ठरलेलं नाही. सहा वर्षं झाली. मी त्यांना आणखी वेळ द्यायला तयार आहे.

मला ज्या पावसाळ्याविषयी लिहायचं आहे तो हे गेल्यानंतरचा पहिला. लढाई चालू होती. रॉकेल मिळत नव्हतं, कागद मिळत नव्हता, सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालत होत्या. लाकडाला आणि कोळशाला मागणी वाढली होती, त्यामुळे जंगलातल्या काडीकाडीवर पहारा होता.

त्याआधीची सहा वर्षं आम्ही टोकावड्याला काढली. हे तिथल्या शाळेचे मास्तर. शाळा म्हणजे एक खोली आणि एक पडवी. पावसाळ्यात अर्धी मुलं लावणीला जायची आणि मास्तरांना वेळ उरायचा. कल्याणच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून त्यांनी अळंबीवरचं एक इंग्रजी पुस्तक आणलं होतं. चित्रं सगळी थंड मुलखातली. आमच्या रानातलं काही त्यात जुळायचं, बरंचसं जुळायचं नाही. जे जुळायचं नाही त्याला आम्ही आमची नावं दिली. मखमली ते कान, पांढरी ती मलमल. केशरी थेंबांना नाव द्यायचं राहिलं, त्याचं कारण पुढे येईल.

काम कसं चालायचं ते सांगते, कारण लोकांना वाटतं मी नुसती त्यांच्या मागे पिशवी धरून हिंडले. लाकडावर काही दिसलं की आधी ते कुठल्या झाडाचं लाकूड, साल आहे की सोललेलं, ते पाहायचं. मग बोटाने दाबायचं. मग मुळाशी बघायचं. काही मलमली सरळ लाकडावर बसत नाहीत, सालीवर आधीच पसरलेल्या दुसऱ्या एखाद्या काळ्या बुरशीवर बसतात, आणि हे कळायला गुडघ्यांवर बसून नाक लाकडाला लावावं लागतं. घरी आणल्यावर शाळेची काळी पाटी घ्यायची, त्यावर तुकडा ठेवायचा, वर वाटी पालथी घालायची. दुसऱ्या दिवशी वाटी उचलली की काळ्या पाटीवर फिकट भुकटीचा ठसा असायचा, त्या तुकड्याच्या आकाराचा. तो ठसा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मास्तर सकाळी अनवाणीच बाहेर पळत जाऊन दूध घालणाऱ्या माणसाला बोलावून घेऊन आले. पाटीवरची मुलांची बेरीज पुसली गेली होती. मुलांनी तक्रार केली नाही.

वहीत लिहायचे ते. अक्षर सुंदर होतं. चित्रं काढायची मी. सुकलेले तुकडे मी काड्यापेट्यांमध्ये ठेवायची आणि वर तारीख टाकायची. वही त्यांची, पेट्या माझ्या, अशी वाटणी कुणी ठरवली नव्हती. ती होती.

आमचं भांडण झालं ते धावड्याच्या खोडावरून. गावाच्या वरच्या अंगाला, ओढ्याकाठी, एक मोठा धावडा आडवा पडलेला होता. त्याच्या सालीच्या फटींतून पिवळसर केशरी थेंब बाहेर आले होते. धावड्याचा डिंक कुणाला माहीत नाही? बाळंतिणीच्या लाडवांत पडतो तो. मास्तरांनी थेंब पाहिले, खोडावर बसले आणि वहीत लिहिलं. मी वाकून दाबून पाहिलं. बोटाला चिकटलं नाही. मी म्हटलं, हा डिंक नाही. ते म्हणाले, ताजा आहे म्हणून चिकटत नाही. मी म्हटलं, ताजा तर जास्त चिकटेल. शिवाय पलीकडच्या पाड्यावर गोमा नावाचा शेतकरी राहायचा, त्याच्या बायकोने, चांगुणाने, उन्हाळ्यात डिंक गोळा करताना मला सांगितलं होतं, "आषाढात डिंक ऱ्हातोय कुठं बाई? पान्याबरोबर जातो वाहून." हे मी मास्तरांना ऐकवलं. ते म्हणाले, ऐकीव गोष्टीवर नोंद होत नाही. मी म्हटलं, तुमच्या पुस्तकात धावडा आहे का? मग आम्ही घरापर्यंत एकमेकांशी बोललो नाही. आजही मला त्या अबोल्याची वाट पावलागणिक सांगता येईल.

त्या थेंबांपैकी काही मी गुपचूप काड्यापेटीत ठेवले. वहीतली ओळ तशीच राहिली. पुढच्या चैत्रात त्यांना ताप आला आणि नवव्या दिवशी सगळं संपलं.

धाकटे दीर शहापूरला असायचे. ते मला घेऊन गेले. भला माणूस. भावावर त्यांचा फार जीव. त्यांनी मला खोली दिली, माझ्या पुस्तकांना फळी दिली. काड्यापेट्यांच्या ट्रंकेकडे पाहून मात्र ते म्हणाले, वहिनी, ही कुजकी लाकडं घरात नकोत, आपण गंगेला सोडू या. मी नाही म्हटलं. वर्षश्राद्ध होईपर्यंत मी उंबऱ्याबाहेर पडू नये, अशी घरात सगळ्यांची समजूत होती. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पडतही नव्हते. येणाऱ्या बायका मास्तरांविषयी बोलायच्या. किती शांत, किती विद्वान, कधी कुणाला चुकीचं बोलले नाहीत. मी ऐकायची. दर आठवड्याला ते थोडे थोडे उंच होत होते आणि मला अनोळखी होत होते. माझा नवरा दुधात साखर घातली की नाही हे विसरून दोनदा घालायचा, आणि मग गोड लागतं म्हणून माझ्यावर रागवायचा. तो माणूस त्या बायकांच्या बोलण्यात कुठे नव्हता.

आषाढात एका दुपारी दारात गोमा उभा राहिला. टोकावड्याहून चालत आलेला. इरलं भिंतीला टेकवून तो पायरीवर बसला. गाडीचा आस मोडला म्हणून त्याने त्या पडलेल्या धावड्याचा तुकडा तोडला होता आणि बैलांना साखळी लावून ओढत घरी नेत होता. पडलेलं, वाळलेलं लाकूड घरापुरतं न्यायला मनाई नव्हती. जिवंत झाडाला कुऱ्हाड लावायला होती. वाटेत जंगलाच्या शिपायाने त्याला धरलं. लाकडावर डिंक आहे, म्हणजे झाड जिवंत होतं, असं म्हणून त्याने थेंब खरवडून पुडीत बांधले, लाकूड ठेवून घेतलं आणि बैल नाक्यावर नेऊन बांधले. बैलांशिवाय चिखलणी नाही, चिखलणीशिवाय लावणी नाही. रोपं दिवसागणिक उंच होऊन पिवळी पडायला लागली होती. चार दिवसांनी मुरबाडला जंगलखात्याच्या साहेबांसमोर त्याला उभं राहायचं होतं.

मी विचारलं, तो डिंक नाही हे तू सांगितलं नाहीस? गोमा म्हणाला, सांगितला की, पण आमचा कोन ऐकतंय. मग त्याचा चेहरा उजळला. त्याने साहेबांना आधीच सांगून ठेवलं होतं की टोकावड्याच्या मास्तरांनी गेल्या वर्षी ह्याच खोडावर बसून वहीत लिहिलंय, आणि साहेबांनी ती वही मागवली होती.

"मास्तरांचा लिवलेला कोन खोटा म्हनंल, बाई? ती वही तेवढी द्या."

मला ती ओळ पाठ होती. तरी वही काढली, पान उघडलं. 'ओढ्याच्या वर, धावडा, आडवा. सालीतून डिंक, मऊ, ताजा. झाडात अजून जीव आहे.' ते सुंदर अक्षर. गोमाला वाचता येत नव्हतं. तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी त्याला वाचून दाखवलं. तो इरल्याच्या काड्या चाचपत राहिला. मग म्हणाला, मास्तर असा लिवतील? आणि मग, अगदी हळू, मग नको ती वही.

दीर सगळं ऐकत होते. गोमा पडवीत भाकरी खायला बसला तेव्हा ते मला म्हणाले की वही सापडत नाही म्हणून कळवू. दादाचं नाव कचेरीत कशाला? मी म्हटलं, वही नसली तर शिपायाचं म्हणणं खरं धरतील. ते म्हणाले, मग वही दिली तरी तेच होईल. बरोबर होतं त्यांचं. नुसती वही गेली तर गोमाचे बैल जाणार आणि ते माझ्या नवऱ्याच्या हस्ताक्षराने जाणार. ते पान फाडणं सोपं होतं. वही जुनी होती, दोरा सैल होता, कुणाला पत्ता लागला नसता. मी ते बोटात धरूनही पाहिलं. मग मनात आलं, हे फाडलं की ते कधीच चुकले नाहीत असं होईल, आणि त्या बायका म्हणतात तेवढाच नवरा माझ्याजवळ उरेल. मी पान सोडून दिलं. ट्रंकेतून काड्यापेटी काढली.

निघताना कुणी मला अडवलं नाही. दीर छत्री घेऊन मागोमाग आले, कारण वहिनीला एकटी जाऊ देणं त्याहून वाईट दिसलं असतं. किन्हवलीपर्यंत बैलगाडी, पुढे चिखल, नदीवर होडी, सरळगावला मोटार. वाटेत ते एवढंच म्हणाले, की अजून विचार करा.

मुरबाडला पोहोचल्यावर मी वाण्याकडून मूठभर धावड्याचा डिंक घेतला. कचेरीत साहेब, एक कारकून, तो शिपाई आणि बाकावर पाच-सहा माणसं. शिपाई घाटावरून नव्याने आलेला, प्रामाणिक वाटला. त्याने सांगितलं की बदली होऊन आल्यावर मास्तरांनीच त्याला त्या खोडाबद्दल सांगितलं होतं, झाड पडलंय पण जिवंत आहे, लक्ष ठेवा. म्हणजे तोही मास्तरांच्या शब्दावर उभा होता, आणि गोमाही. साहेबांनी वही घेतली, ओळ वाचली आणि गोमाकडे पाहिलं. गोमाने मान खाली घातली.

मी तीन वाट्या मागितल्या. साहेब हसले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवते. पाणी घालून एकीत वाण्याचा डिंक टाकला, दुसरीत शिपायाच्या पुडीतले वाळलेले खडे, तिसरीत माझ्या काड्यापेटीतले गेल्या वर्षीचे. तिन्ही सारखेच दिसत होते, कडक, काचेसारखे. मग आम्ही थांबलो. साहेबांनी दुसरी कामं उरकली. दीर बाहेर पडवीत पाऊस पाहत उभे राहिले. बाकावरचा एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला की मास्तरीण कचेरीत लाडू वळते काय? शेजारी हसला. मीही हसले असते, मास्तर माझ्या शेजारी असते तर.

तासाभराने डिंकाच्या कडा विरघळल्या होत्या आणि पाणी तारेला आलं होतं. साहेबांनी बोट बुडवलं, दोन बोटं एकमेकांना चिकटली. दुसऱ्या दोन वाट्यांतलं पाणी जसंच्या तसं स्वच्छ होतं आणि त्यात केशरी थेंब पुन्हा भरून आले होते, गुबगुबीत, कालच उगवल्यासारखे. साहेबांना रानाची माहिती होती. ते म्हणाले, कांडोळाचा डिंकही पाण्यात फुगतो. मी म्हटलं, फुगतो, पण त्याचा गोळा होतो. याचा आकार परत आला आहे. शिवाय लाकूड धावड्याचं आहे. मग ब्लेडने एक थेंब उभा कापला. खाली फिकट पाय होता आणि त्या पायाने लाकडाचे मऊ, कुजलेले तंतू धरून ठेवले होते. ते मी चिमटीने साहेबांच्या कागदावर ठेवले. जिवंत झाडाचं लाकूड असं सुटत नाही, मी म्हटलं. ही अळंबी आहे आणि ती मेलेल्या लाकडावरच येते.

साहेबांनी पुन्हा वही ओढली. म्हणजे मास्तरांनी लिहिलं ते चूक, असं तुमचं म्हणणं?

"हो."

नोंद करायची आहे, ते म्हणाले, नीट सांगा.

"माझे यजमान चुकले होते."

दाराच्या चौकटीत दीर आले होते. साहेबांनी मग जे विचारलं ते त्यांनी विचारायलाच हवं होतं, पण ते मला आजही खुपतं. हे तुम्ही त्यांना त्यांच्या हयातीत सांगितलं होतं, की आता ते उत्तर द्यायला नाहीत म्हणून सांगता?

"तिथेच सांगितलं होतं. आठ दिवस भांडलो. शेवटी ते म्हणाले, पुढच्या पावसात दोघं मिळून पाहू, तुझं खरं निघालं तर मी माझ्या हाताने खोडीन. साहेब, हा पुढचा पाऊस आहे."

कारकुनाने माझं नाव विचारलं. सांगितलं. त्याने ते लिहिलं. साहेबांनी गोमाला बैल आणि लाकूड परत करण्याची चिठ्ठी दिली. शिपाई जाताना माझ्यापाशी थांबला आणि म्हणाला, बाई, मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, त्यांनाही नव्हतं.

बाहेर दिरांच्या डोळ्यांत पाणी होतं. रागाचं की दुःखाचं, त्यांनाही सांगता आलं नसतं. ते म्हणाले, वहिनी, दादाचं नाव सरकारी कागदावर आलं ते चुकलेला म्हणून. मला त्यांच्याविषयी फार माया वाटली. पण मी माघार घेतली नाही. मी म्हटलं, भाऊजी, ते चुकले तेव्हा मी त्यांच्याजवळ उभी होते. तुम्ही सगळे मिळून ज्यांच्या आरत्या करता ते कुणी दुसरेच आहेत. त्यांना मी ओळखत नाही, आणि त्यांच्यासाठी मला रडूही येत नाही.

घाटाकडे जाणारी मोटार उभी होती. गोमा चढला. त्याच्यामागे मीही चढले. दिरांनी विचारलं, कुठे? मी सांगितलं, याची लावणी मागे पडली आहे, हात लागतील. ते म्हणाले, लोक काय म्हणतील? यांचं वर्षश्राद्ध अजून व्हायचं होतं. मी म्हटलं, लोकांना सांगा, टोकावड्याला गेली. त्यांनी खिडकीतून छत्री आत दिली. मोटार निघेपर्यंत ते पावसात उभे होते.

चार दिवस मी चांगुणाबरोबर लावणी केली. मला ते नीट येत नव्हतं. माझी रोपं तिरपी उभी राहायची आणि चांगुणा माझ्या मागून येऊन ती सरळ करायची. काय गो बाई, शाळेत हे नाय शिकिवला? असं म्हणायची आणि पोट धरून हसायची. हे गेल्यावर आठ दिवस दारातून जो येईल तो हळू आवाजात बोलायचा, मग महिना, मग तीन महिने. चिखलात गुडघ्यापर्यंत उभी असताना माझ्याशी कुणीतरी मोठ्याने बोललं. पाठ मोडून आली. त्या रात्री मी झोपले, चैत्रानंतर पहिल्यांदा सरळ सकाळपर्यंत.

पाचव्या दिवशी सकाळी एकटीच ओढ्याकाठी गेले. गोमाने तुकडा तोडून नेला होता, पण बाकीचा धावडा तिथेच आडवा होता, साल सुटलेला, आणि अंगभर केशरी. गेल्या वर्षीपेक्षा जास्त. फटीफटीतून, तुटलेल्या फांद्यांच्या तोंडातून, जिथे मास्तर बसले होते तिथेही. मी गुडघ्यांवर बसले. दाबलं. चिकटलं नाही. पाऊस भुरभुरत होता, पलीकडच्या खाचरात बायका ओळीने वाकलेल्या होत्या. मला वाटलं होतं मी इथे येऊन रडेन. तसं काही झालं नाही. मला त्यांच्याशी भांडायचं होतं. ते भांडण अजून पुरं झालेलं नव्हतं आणि ते अर्ध्यावर टाकून जाण्याची परवानगी मी त्यांना दिलेली नव्हती.

"अहो, आता बोला," मी म्हटलं.

खाचरातल्या बायकांनी माना वर केल्या. एकीने दुसरीला काहीतरी विचारलं. मी त्यांच्याकडे पाहिलं, मग खोडाकडे पाहिलं, आणि तेच पुन्हा म्हटलं, मघापेक्षा मोठ्याने.